सगळ्यात कच्ची जागा

७५ डेनिअरचं एक किलो सूत सरळ उलगडत नेलं तर ते १२० किलोमीटर भरतं. हिशेब सोपा आहे. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनिअर. ९,००० ला ७५ ने भागलं की एका ग्रॅमचे १२० मीटर येतात. उधना जंक्शनपासून जळगावपर्यंतची लाइन ३०६ किलोमीटरची आहे. म्हणजे अडीच किलोहून थोडं जास्त सूत घेऊन कोणी उधन्याला गाडीत बसला आणि खिडकीतून सोडत गेला, तर बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत ते जळगावच्या फलाटापर्यंत पुरेल. वाटेत ते कुठेतरी तुटेल मात्र नक्की. कुठे, ते कोणालाच आधी सांगता येणार नाही. तुटेल हे सांगता येतं, आणि का तुटेल हेही सांगता येतं. उधन्यातलं माझं काम पहिल्यापासून याच प्रश्नाशी बांधलेलं आहे.

मी खानदेशातला. संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आणि आमच्याकडची पोरं जशी येतात तसा याच लाइनीने इकडे आलो. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या पट्ट्यात मराठी माणसाला परकं वाटत नाही. गल्लीत अहिराणी ऐकू येते, भाजीवालीकडे भरताची वांगी मिळतात, आणि महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांतही चालतात. उद्योगनगरातल्या एका विणाईच्या कारखान्यात मी सूत तपासायला लागलो. पुढे टीएफओ, म्हणजे धाग्याला पीळ देणारं खातं, आणि मग लूमखातं माझ्याकडे आलं. या कामातल्या माणसाला इथे मास्टर म्हणतात. कॉलेजात शिकलेलं संख्याशास्त्र नोकरीत कुठे कामाला येणार, असं घरचे विचारायचे. मला मात्र पहिल्याच महिन्यात कळलं होतं की हे शास्त्र पुस्तकातून कारखान्यात आलेलं नाही. त्याचा एक मोठा तुकडा कारखान्यातूनच पुस्तकात गेलेला आहे.

सूत तपासायचं यंत्र साधं असतं. वर एक जबडा, खाली एक, मध्ये बरोबर अर्धा मीटर अंतर. कोनवरून धागा ओढायचा, पहिले काही मीटर टाकून द्यायचे, दोन्ही जबड्यांत पकडायचा आणि बटण दाबायचं. खालचा जबडा हळूहळू उतरतो. धागा आधी ताठ होतो, मग लांबत जातो. ७५ डेनिअरच्या पॉलिएस्टर धाग्यात बहुधा ३६ तंतू असतात, एकेक केसाहून बारीक. शेवटच्या क्षणी त्यातले दोन-चार आधी सुटतात, जागेवर बारीकसा पिसारा दिसतो, आणि मग टक् करून सगळाच जातो. काटा तीनशे ग्रॅमच्या आसपास थांबलेला असतो. आकडा वहीत लिहायचा, पुढचा धागा लावायचा. एका कोनचे असे बरेच आकडे झाले की सरासरी काढायची आणि ती पुरवठा करणाऱ्याच्या कागदाशी ताडून पाहायची.

सरासरी जुळायची. लूमवरची तक्रार तरीही थांबायची नाही. कारीगर येऊन सांगायचा, मास्टरजी, ताना चल नहीं रहा. ताना म्हणजे लूमवरचे उभे धागे. मग आम्ही दोन लॉट शेजारी ठेवले. एकाची सरासरी थोडी जास्त, पण आकडे पसरलेले. दुसऱ्याची सरासरी कमी, पण आकडे एकमेकांना धरून. लूमवर दुसरा लॉट शांतपणे चालला, पहिल्याने रात्रभर लूम थांबवले. लूमला सरासरीशी काही देणंघेणं नसतं. त्याच्यावरून किलोमीटरच्या किलोमीटर धागा जातो, आणि त्या सगळ्या लांबीतली सगळ्यात कच्ची जागा जिथे असेल तिथे तो तुटतो. बाकी जागा कितीही पक्क्या असोत, त्यांचा त्या घटकेला काही उपयोग नसतो.

हे गणित १९२६ साली एफ. टी. पिअर्स नावाच्या माणसाने मांडलं. तो मँचेस्टरला सुती उद्योगाच्या संशोधन संस्थेत होता. त्याचं म्हणणं असं. लांब धागा म्हणजे लहान तुकड्यांची साखळी, आणि साखळी टिकायची तर प्रत्येक तुकडा टिकायला हवा. अर्ध्या मीटरचा तुकडा एखादा ताण सोसेल याची खात्री हजारात नऊशे नव्व्याण्णव इतकी आहे असं धरा. परीक्षेत एवढे गुण पडले तर पेढे वाटतील. पण असे हजार तुकडे ओळीने जोडा, म्हणजे फक्त ५०० मीटर. आता सगळा धागा टिकण्याची शक्यता ०.९९९ चा हजारावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के. धागा तोच, माल तोच. बदलली आहे ती लांबी.

लूमवर ताण याहून खूप कमी असतो, म्हणून कापड विणलं तरी जातं. तिथलाही हिशेब मी मांडून पाहिला होता. एका बीमवर चार हजार उभे धागे, टाका, म्हणजे कापडाचा तागा, शंभर मीटरचा. म्हणजे एका टाक्यात उभा धागाच चार लाख मीटर, अर्ध्या मीटरचे आठ लाख तुकडे. त्यातला चार लाखांत एकच तुकडा कच्चा निघाला तरी टाक्यामागे सरासरी दोनदा लूम थांबणार. एकदाही न थांबता टाका उतरेल असे योग सातात एक. ज्या सुतात चार लाखांत एक दोष आहे त्याला कोणीही उत्तमच म्हणेल, आणि ते सूत रोज तुटेल. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे मनात ठसायला मला वेळ लागला. ठसल्यावर मात्र माणसांकडे बघण्याची रीतच बदलली.

आपण माणसाला पारखतो ते अर्ध्या मीटरवर. मुलाखत अर्ध्या तासाची, परीक्षा तीन तासांची, मुलगी बघायला गेलेल्यांची बैठक चहा संपेपर्यंतची. तेवढ्यात जो तुटला नाही तो पक्का ठरतो. आणि जो वीस वर्षं बारा-बारा तासांच्या पाळ्या करून एका रात्री तुटतो त्याला आपण कच्चा म्हणतो. आमच्या खात्यात गंजाम जिल्ह्यातला एक उडिया कारीगर होता. शांत, हाताचा नेमका, रात्रपाळीतही त्याच्या लूमपाशी कचरा दिसायचा नाही. एका पहाटे क्षुल्लक कारणावरून त्याने बॉबीनची पेटी भिंतीवर फेकली, शेजारच्याच्या अंगावर धावून गेला आणि सकाळी हिशेब मागून निघून गेला. खात्यात चर्चा झाली, एवढे दिवस दाखवत नव्हता, आतून असाच होता. मला ते पटलं नाही. तो आतून कसा होता हे त्या एका पहाटेवरून काढता येत नाही. जिच्यावर तो तुटला ती जागा तुमच्या-माझ्यातही असेल. आपल्या अंगावरून अजून तेवढी लांबी गेलेली नाही, इतकंच फार तर म्हणता येतं. लांब धागा कमी ताणात तुटतो तो त्याचा माल हलका असतो म्हणून नव्हे. लांबीच जास्त असते, म्हणून तिच्यात कच्ची जागा सापडण्याची संधीही जास्त. आईवडिलांच्या म्हातारपणीच्या चिडचिडीकडे, जुन्या संसारातल्या एखाद्या मोठ्या भांडणाकडे मी आता याच हिशेबाने पाहतो. पहिल्या वर्षात न भांडलेल्या जोडप्याला चाळीस वर्षांच्या जोडप्यापेक्षा समजूतदार ठरवणं हे अर्धा मीटर आणि शंभर किलोमीटर एका मापाने मोजण्यासारखं आहे.

हे गणित पुढे कापडाच्या बाहेर गेलं. पिअर्सच्याच संस्थेत एल. एच. सी. टिपेट होता. पुष्कळ आकड्यांतला सगळ्यात लहान किंवा सगळ्यात मोठा आकडा कसा वागतो, हा प्रश्न त्याने आणि रोनाल्ड फिशरने १९२८ मध्ये सर्वसाधारण रूपात सोडवला. धाग्याची सगळ्यात कच्ची जागा हा सगळ्यात लहान आकडा, आणि नदीचा वर्षातला सगळ्यात मोठा पूर हा सगळ्यात मोठा. दोन्हींचं गणित एकच. नदीला ते लावलं एमिल गुंबेलने. हा जर्मन प्राध्यापक नाझींच्या विरोधात उघड बोलत आणि लिहीत राहिला, त्यापायी हायडेलबर्गची जागा गमावून आधी फ्रान्सला आणि मग अमेरिकेला गेला. तिथे १९४१ मध्ये त्याने पुरांच्या परतीच्या काळाचा हिशेब मांडला. शंभर वर्षांत एकदा येणारा पूर ही बोली त्याच जातीच्या हिशेबाची आहे.

सुरतेच्या माणसाला ही बोली नीट समजून घेणं भाग आहे. तापी मुलताईला उगम पावते, बुऱ्हाणपूर, भुसावळ करत आमच्या खानदेशातून जाते आणि सुरतेला समुद्राला मिळते. गावाकडचा पाऊसच काही दिवसांनी इथे पाणी होऊन येतो. १९७२ मध्ये तापीवर उकाईचं धरण पुरं झालं तेव्हा शहराला वाटलं की आता पूर गेला. ऑगस्ट २००६ मध्ये भुसावळकडून नातेवाइकांचे फोन येऊ लागले, हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेत, पाणी फार आहे. मग उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आमच्याकडे वीज नाही, कारीगर नाहीत, लूम मुके. पाणी ओसरल्यावर चहाच्या टपरीवर एक वाक्य मी पुष्कळदा ऐकलं, चला, आता पुढची पन्नास-शंभर वर्षं काळजी नाही.

नदी असा हप्ता फेडत नाही. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक, आणि ते दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून. मागच्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदा सूट मिळत नाही. उधन्यात तीस वर्षांच्या कर्जावर घर घेणाऱ्याला त्या तीस वर्षांत असा पूर बघावा लागण्याची शक्यता १ वजा ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे जवळजवळ २६ टक्के. चारात एक. आणि शंभर वर्षं नदीकाठी राहिलात तरी तो नक्की येईलच असंही नाही, शक्यता ६३ टक्के. एका तडाख्यानंतर देणं फिटलं, आता आपली पाळी नाही, असं माणसाला फार वाटतं. घरात एक मृत्यू झाला की पुढची काही वर्षं तरी यम फिरकणार नाही अशी भाबडी खात्री वाटत राहते. मी ती कोणाची मोडायला जात नाही. पण भिंतीला पाण्याची खूण राहिलेली असेल तर नवी मोटार त्या खुणेच्या वर बसवा, एवढं मात्र मी शेठना आग्रहाने सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं.

आतापर्यंतचं सगळं एकट्या धाग्याचं झालं. एकट्या धाग्याचं गणित कठोर आहे, त्यात कच्च्या जागेला माफी नाही. पण माणूस सहसा एकटा धागा म्हणून जगत नाही, आणि लूमवरून उतरतं तेही कापड असतं.

धाग्यांच्या जुडीचं गणित १९४५ मध्ये एच. ई. डॅनिएल्सने मांडलं. तो लोकरउद्योगाच्या लीड्समधल्या संशोधन संस्थेत काम करत असे. मी ते पाच धाग्यांवर समजून घेतलं आणि आजही खात्यात नवीन येणाऱ्या पोराला तसंच समजावतो. पाच धागे घ्या, ताकद २४०, २७०, ३००, ३३० आणि ३६० ग्रॅम. बेरीज १,५००. आता पाचही एकत्र बांधून खाली वजन लावा आणि भार सगळ्यांत सारखा वाटला जाऊ द्या. जुडी १,५०० पेलेल असं वाटतं. ती १,२०० लाच जाते. १,२०० ला प्रत्येकावर २४० येतात, पहिला तुटतो. त्याचा वाटा उरलेल्या चौघांवर पडतो, प्रत्येकी ३००. मग २७० वाला जातो, ३०० वालाही जातो, आणि बघता बघता राहिलेले दोघेही. म्हणजे एकत्र येण्यात ३०० ग्रॅम बुडाले. आणि ज्याची ताकद ३६० होती त्याला आयुष्यात फक्त २४० दाखवता आले.

एकीचं बळ ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्यात हा ३०० ग्रॅमचा तोटा कोणी सांगत नाही. मला वाटतं तो सांगायला हवा. एकत्र कुटुंबात कर्तबगार भावाची जी घुसमट होते ती त्याच्या मनाचा कोतेपणा नसते. तिला हिशेबाचा आधार आहे. तो खरोखरच आपल्या ताकदीपेक्षा कमी जगत असतो. मग जुडी बांधायची कशाला? डॅनिएल्सचं उत्तर असं की जुडीत धागे वाढत गेले की ताकद बेरजेपेक्षा कमी राहते खरी, पण ती भरवशाची होते. शेकडो धाग्यांच्या दोन जुड्या घेतल्या तर त्यांच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही. एकटा धागा आज ३६० ला टिकेल, उद्या २४० ला जाईल. जुडी आज जेवढं पेलते तेवढंच उद्या पेलते. आपण थोडी ताकद देऊन भरवसा विकत घेतो. ज्याच्या मागे शेती आहे, बँकेत पैसा आहे, त्याला हा सौदा महाग वाटू शकेल. उधन्यात एका खोलीत सहा-सात जण राहून पैसे गावी पाठवणाऱ्याला तो महाग नाही.

याच्यापुढची गोष्ट पिळाची, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. नुसत्या जुडीत तंतू एकदा तुटला की त्याचा उपयोग संपला. पिळलेल्या धाग्यात तसं होत नाही. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबून बसतात, घर्षण धरून ठेवतं, आणि तुटलेला तंतू तुटल्या जागेपासून थोडं पुढे गेलं की पुन्हा आपला भार उचलू लागतो. बोटभर तरी कापूस असतो का, आणि त्याचा दोर विहिरीच्या तळाला पोहोचतो, तो याच्याच जोरावर. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या शेवटच्या ग्रंथात दोराचा हाच प्रश्न घेतला आहे, एवढेसे तंतू एवढा लांब दोर कसा करतात.

आमच्या गल्लीत एका कारीगराचा हात लूममध्ये सापडला. तीन बोटं कामातून गेली. गावी परत गेला असता तर कोरडवाहू शेतीवर एका हाताने काय केलं असतं? गल्लीत भिशी चालायची, त्या महिन्याचा नंबर दुसऱ्याचा होता, त्याने तो याला सोडला. खोलीतल्यांनी काही महिने भाडं मागितलं नाही. पुढे तो माझ्याकडे सूत तपासायला बसला, कारण धागा जबड्यात लावायला दोन धड बोटं पुरतात. आज त्याची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे. कोन हातात घेऊनच तो सांगतो की हा लॉट पसरलेला निघणार. आणि भिशीत त्याचाही हप्ता असतो. तो तुटला होता ती जागा तशीच आहे, ती भरून आलेली नाही, पण तिच्यापासून थोड्याच अंतरावर त्याने भार पुन्हा उचलला.

पिळाचंही प्रमाण असतं. पीळ वाढवत नेला की आखूड तंतूंच्या धाग्याची ताकद आधी वाढते, एका ठिकाणी शिगेला पोहोचते आणि मग उतरू लागते. फार पिळलेल्या धाग्यात तंतू आडवे पडतात आणि ओढीच्या दिशेला त्यांचं बळ लागत नाही. जॉर्जेटला आम्ही मुद्दाम असा भरमसाट पीळ देतो. तो धागा मोकळा सोडला की स्वतःभोवतीच गुंडाळला जातो, म्हणून वाफेत बसवावा लागतो, आणि कापडात दोन धागे उजव्या पिळाचे, दोन डाव्या पिळाचे असे आलटून पालटून लावावे लागतात, नाहीतर अख्खं कापड एका अंगाला ओढलं जातं. जातभाई, गाववाले, नात्यातले यांचा वेढा इथे माणसाला धरून ठेवतो हे मी वर सांगितलंच. तोच वेढा एखाद्या मुलीचं शिक्षण दहावीला थांबवतो, एखाद्याला कर्ज काढून गावजेवण घालायला लावतो, हेही मी पाहिलं आहे. किती पीळ पुरे, हे धाग्याचं तपासून सांगता येतं. माणसांचं ज्याचं त्याला अंदाजानेच ठरवावं लागतं, आणि तो अंदाज दुसऱ्याने ठरवला की हटकून जास्त होतो.

लीड्सच्या त्याच संस्थेत दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं डेव्हिड कॉक्स होता. त्याने १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने आज जगभरच्या दवाखान्यांत कोणता औषधोपचार रोग्याला किती तारतो याचा हिशेब केला जातो. पण त्याचं एक आधीचं काम आमच्या खात्याचंच आहे. एक माणूस अनेक यंत्रं सांभाळतो. एक थांबलेलं यंत्र तो चालू करत असताना दुसरं थांबलं तर ते उगाच उभं राहतं. याने किती उत्पादन बुडतं, हा प्रश्न त्याने एका सहकाऱ्याबरोबर १९५१ मध्ये मांडला होता. मी तो वाचला आणि खात्यात उभा राहून बघू लागलो. एका कारीगराकडे आठ लूम. कधी त्याचे तीन थांबलेले असायचे आणि तो धावत असायचा, त्याच वेळी शेजारच्याचे आठही चालू आणि तो तंबाखू मळत असायचा. पाच मिनिटांनी उलट. दोघांत मिळून सोळा लूम ठेवले तर थांबलेला लूम कोणाची तरी वाट बघत उभा आणि एक माणूस रिकामा, असं कधी होणारच नाही. गणित सरळ सांगतं की जोडीचं उत्पादन दोघांच्या वेगवेगळ्या बेरजेपेक्षा जास्त येईल.

शेठना ते पटलं. कारीगरांत एक आमच्याच बाजूचा, अमळनेर तालुक्यातला, खात्यातला सगळ्यात चपळ, तो अडून बसला. पगार मीटरवर. मला बाजूला घेऊन अहिराणीत म्हणाला, मास्टर, मना मीटर कमी व्हतीन. मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण त्याचं बरोबर होतं. तो ३६० ग्रॅमचा धागा होता. जोडीदार २७० चा, आणि सारखी वाटणी केली तर फरक याच्याच खिशातून जाणार. मग आम्ही असं ठरवलं. दोघांची मागच्या हंगामाची मीटरची सरासरी वहीत लिहून ठेवायची, तेवढं ज्याचं त्याला ठरलेलं. जोडीमुळे वरचं जे येईल ते निम्मं-निम्मं. तो तयार झाला. पंधरवड्यात वरचं दिसू लागलं आणि पुढे आणखी जोड्या झाल्या. अर्ध्या खात्यात आजही जोडी आहे. उरलेल्या अर्ध्यात माणसांचं आपसात जमत नाही, आणि तिथे मी जबरदस्ती केलेली नाही.

आता झालं आहे असं की तो अमळनेरवाला पन्नाशीला आला. गुडघे दुखतात, रात्री डोळ्याला बारीक धागा लवकर दिसत नाही. त्याचा जुना जोडीदार गावी गेला आणि त्याच्या जागी आलेला तरुण त्याच्यापेक्षा भराभर लूम चालू करतो. वहीतली सरासरी मात्र त्याच्या भरातल्या दिवसांची आहे आणि पगार तिच्यावरच निघतो. दर दिवाळीला हिशेब मिटवताना मेहताजी विचारतात, मूळ आकडे नव्याने मोजायचे का? कागदावर बघितलं तर मोजायला हवेत. मी अजून नाही म्हणत आलो आहे. तरुण पोराने तक्रार केलेली नाही. ती त्याने केली तर मला त्याच्यासमोर पाच धाग्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, आणि तो ३६० वाल्याच्या बाजूने सुरू करावा लागेल, कारण आता तिथे हा पोरगा उभा आहे.